घोडीच्या पाठीवर खपल्या, नायटा आहे की पावसाचं इन्फेक्शन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगते. घोडी 9 वर्षांची. पंधरा दिवस सलग पाऊस होता आणि ती बाहेरच असायची. परवा खरारा करताना पाठीवर केसांखाली बारीक गाठी हाताला लागल्या, मला वाटलं चिखल वाळलाय, नखाने काढायला गेले तर खपलीबरोबर केसांचा अख्खा झुपका हातात आला, रंगाच्या ब्रशसारखा, आणि खाली ओली गुलाबी कातडी नि पिवळसर पू. तिने लगेच पाठ आत घेतली, म्हणजे दुखतंय. खाज मात्र नाही, आयाळ शेपटी छान आहे, त्यामुळे चिलटांची अ‍ॅलर्जी नसावी.

पाठ आणि पुठ्ठे, जिथून पाणी निथळतं तिथेच आहे, पोटाखाली काही नाही. पण तंगाच्या (खोगीर बांधायचा पट्टा) जागी दोन गोल चट्टे आहेत, केस तुटलेले, कोंडा, पू नाही. तोच तंग आम्ही दुसऱ्या घोड्यालाही बांधतो आणि कालपासून त्यालाही तिथेच एक चट्टा! दोन आजार एकदम होतात का? एकांनी दिलेली ट्यूब दोन दिवस लावली, मग वाचलं तर त्यात स्टेरॉइड, बंद केली. डॉक्टर उद्या येतायत, तोवर शाम्पूने धुऊ का?

उत्तर:
ताई, दोन्ही एकदम असू शकतं. पाठीवरचं वर्णन डर्मॅटोफिलसचं, म्हणजे पावसाच्या इन्फेक्शनचं वाटतंय, तो बॅक्टेरिया आहे, आणि तंगाखालचा नायटा म्हणजे बुरशी. नमुने घेईपर्यंत औषधी शाम्पू नको, टेस्ट बिघडते. खपली वेगळी आणि चट्ट्याच्या कडेचे केस वेगळे घ्यायला सांगा. खपलीत हे जंतू मायक्रोस्कोपखाली रेल्वेच्या रुळांसारखे जोडीने दिसतात, ते लगेच कळतं, बुरशीच्या कल्चरला (नमुन्यातून बुरशी वाढवून बघायला) मात्र 2-3 आठवडे लागू शकतात. डॉक्टरांच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चट्टा चमकला नाही म्हणून नायटा नाही असं समजू नका, घोड्यांची नेहमीची बुरशी सहसा चमकत नाही. तंग, खरारा, झूल प्रत्येकाचं वेगळं करा आणि हातमोजे घाला, दोन्ही माणसाला लागू शकतं. स्टेरॉइड थांबवलंत ते बरं केलंत, पण डॉक्टरांना सांगा.

मी (दुसऱ्या दिवशी):
खूप आभार दादा. खपलीत रूळ दिसले! केसांचं कल्चर लावलंय. क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू दिलाय, खपल्या भिजवून मऊ करायच्या, दुखणारी ओढायची नाही, फेस 10 मिनिटं ठेवून धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, पडलेल्या खपल्या तबेल्यात ठेवायच्या नाहीत कारण जंतू त्यात बरेच दिवस जगतात. खोगीर सध्या बंद.

पण रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या घोड्याला वेगळं बांधलंय आणि तो रात्रभर खिंकाळतोय, तिला सोडून कधी राहिलाच नाही तो. नाकाला नाक लागणार नाही पण दिसतील असं कोणी बांधलंय का, मध्ये किती अंतर ठेवता?