वायुमोचन, निःसरण की सरळ 'वायू सुटणे'?

कृष्णाकाठ (सांगली): दिवाळी अंकासाठी अणुभट्टीच्या इंधनावर लेख लिहितोय, एका शब्दाशी अडलोय. युरेनियम डायऑक्साइडच्या वडीत अणू फुटले की झेनॉन, क्रिप्टॉनही होतात. शंभर विखंडनांमागे साधारण तीस अणू. हे वायू वडीत विरघळत नाहीत. वडी ज्या बारीक कणांची बनते त्यांच्या कडेला सरकतात, बुडबुडे धरतात, बुडबुडे एकमेकांना भिडले की वाट होते आणि वायू वड्या भरलेल्या नळीतल्या मोकळ्या जागेत येतो. या येण्याला काय म्हणू? मी 'वायुमोचन' लिहिलं. संपादकांचा फोन: "अंक आयुर्वेदाचा आहे का?"

वाईकर: मोचन म्हणजे बांधलेलं कुणीतरी सोडवणं. ऋणमोचन. इथे वायू आपला आपण निघतो, म्हणून 'वायुनिःसरण'. बाकी समासात 'यु' ऱ्हस्व ठेवलात, बरं वाटलं. हल्ली कोण बघतं!

माहुलीचा: निःसरण वाचून पोरं अंक मिटतील. वारा सुटतो, वास सुटतो, तसा वायू सुटतो. लिहा आणि मोकळे व्हा.

कृष्णाकाठ: दादा, वर्गात 'वायू सुटला' म्हटल्यावर पुढचा तास होईल का? अजून एक. बूथ या शास्त्रज्ञाने 1957 साली कण हा गोल धरून त्यातून वायू झिरपण्याचं गणित मांडलं. तो 'कण' मला पटत नाही, धुळीचाही कणच.

माहुलीचा: रवा म्हणा. तूप रवाळ, साखर रवाळ.

गूळवाला (सांगली): आमच्या बाजारात रवा म्हणजे तीस किलोची गुळाची ढेप! तुमचा रवा केवढा?

कृष्णाकाठ: मिलिमीटरचा शंभरावा भाग.

गूळवाला (सांगली): मग राहू द्या.

हरिपूरकर: आमच्याकडे हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं. आजोबा पेव उघडलं की लगेच उतरू द्यायचे नाहीत, आधी कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. आत कोंडलेला वायू हळूहळू निघतो, त्याला ते 'पेव निवतंय' म्हणायचे. घ्या शब्द.

वाईकर: निवणे म्हणजे थंड होणे. अणुभट्टीत?

कृष्णाकाठ: तिथे उलटंच. नळीत हेलियम भरलेला असतो, त्यात झेनॉन मिसळला की उष्णता बाहेर कमी जाते, वडी आणखी तापते, मग वायू आणखी निघतो. इंधनाच्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवून मेळ घालावा लागतो. आणि भट्टीची शक्ती एकदम वाढवली तर साठलेला वायू भसकन बाहेर येतो.

माहुलीचा: म्हणजे पेव फुटलं!

वाईकर: पेव फुटणे म्हणजे सुळसुळाट होणे. क्लासचं पेव फुटतं, पुढाऱ्यांचं फुटतं.

हरिपूरकर: अहो, आधी पेव, मग पुढारी! ओल लागून आतलं धान्य फुगलं की पेव खरंच फुटायचं. वाक्प्रचार तिथलाच. आणि पेव शब्द 'पिणे'वरून, जमीन धान्य पिते, असं आमचे आजोबा सांगायचे.

वाईकर: आजोबांचा मान ठेवून सांगतो, ही लोकव्युत्पत्ती.

हरिपूरकर: 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. व्युत्पत्ती तुम्ही बघा.

गूळवाला (सांगली): अनेकवचन 'पेवं' का 'पेवे'?

कृष्णाकाठ: मंडळी, मजकूर गुरुवारी द्यायचाय.

वाईकर: लेखी 'पेवे'. बोलताना काय वाटेल ते.