ऑक्टोबरमध्येच पित्त का उसळतं?

प्रश्न: पावसाळाभर तेच जेवण चालतं, मग शरद लागला की जळजळ, आंबट ढेकर कशामुळे? रोज ताक घेऊनही फरक का पडत नाही?

प्रतिसाद १: आयुर्वेदानुसार पित्ताचा संचय (साठणं) वर्षा ऋतूत होतो, प्रकोप (उसळणं) शरदात, शमन (शांत होणं) हेमंतात. पावसाळ्यात साठलेलं शरदाच्या उन्हाने पातळ होऊन उसळतं. म्हणून शास्त्राने शरदात विरेचन (औषधाने जुलाब करवून पित्त बाहेर काढणं) सांगितलंय. पण ते वैद्याच्या देखरेखीखालीच, घरी एरंडेल पिऊन नव्हे.

प्रतिसाद २: ताकाचीच गडबड आहे! दही ‘थंड’ हा गैरसमज. ते उष्ण वीर्याचं (शरीरात उष्णता वाढवणारं), अम्ल विपाकाचं (पचल्यावरही आंबट परिणाम करणारं). आंबट ताकही पित्तात वर्ज्य.
त्याऐवजी धण्याचा हिम (थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क) करा: १० ग्रॅम धणे भरड कुटून ६० मिली पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून घ्या. उकळू नका, उकळला की तो काढा.

प्रतिसाद ३: जेवणात जुने तांदूळ, मूग, पडवळ, कडू-गोड चवी. तिखट, आंबट, खारट कमी. दुपारची झोप बंद. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र हिम वगैरे सोडून थेट दवाखाना गाठा.