स्क्वेअर डान्सच्या कॉलरांची संघटना: नाच वाचला की आटला?

मृदगंध:
कॅलिफोर्नियात गेली 4 वर्षं दर मंगळवारी स्क्वेअर डान्सला, या अमेरिकी लोकनृत्याला, जाते. चार जोड्या चौकोनात, मंचावर चाली, म्हणजे नाचातल्या हालचाली, पुकारणारा कॉलर. पुढची चाल कोणती, हे तो बोलेपर्यंत आठांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. परवा क्लबातले एक ज्येष्ठ म्हणाले, "कॉलरलॅबनेच, कॉलरांच्या त्या संघटनेनेच, हा नाच मारला." मला हे अजिबात मान्य नाही.

आधी कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या लॉइड शॉ यांची आठवण काढायला हवी. शाळा सांभाळता सांभाळता त्यांनी जुने नाच गोळा केले आणि उन्हाळी वर्गात कॉलर घडवले. त्यांच्याकडे शिकलेल्या बॉब ऑसगुड यांनी 1948 मध्ये लॉस एंजेलिसहून 'सेट्स इन ऑर्डर' मासिक सुरू केलं. पुढे रेकॉर्डी आल्या, नव्या चालींचा पूर आला. एका गावात शिकलेला माणूस दुसऱ्या गावात बावचळून उभा राहायचा. 1971 मध्ये ऑसगुड, मार्शल फ्लिपो, फ्रँक लेन, एड गिलमोर, जो लुईस असे 11 नामवंत कॉलर एकत्र आले, त्यातून कॉलरलॅब उभी राहिली आणि 1974 मध्ये सेंट लुईसला पहिलं अधिवेशन भरलं. त्यांनी चालींच्या याद्या आणि व्याख्या ठरवल्या. म्हणून आज जपान किंवा जर्मनीतल्या क्लबात गेलं तरी तेच इंग्रजी कॉल ऐकू येतात आणि पाय आपोआप चालतात.

डोंगरवाट:
ताई, तुमचा जिव्हाळा कळतो, पण ते ज्येष्ठ चुकीचं बोलले नाहीत. मी बॉस्टनकडे कॉन्ट्रा डान्सला, म्हणजे समोरासमोरच्या लांब रांगांतल्या नाचाला, जातो. न्यू हॅम्पशायरच्या कीनमधले राल्फ पेज यांनी जपलेली ती परंपरा. दारातून आत आलेल्या माणसाला कॉलर आधी संगीताविना एकदा चाल फिरवून दाखवतो, की लगेच नाच सुरू! तुमच्याकडे कॉलरलॅबच्या 'मेनस्ट्रीम' यादीतल्या साधारण 70 चाली पाठ व्हायला किती महिने जातात? एवढा वेळ कोण देणार? गावागावाची आपली ढब होती, ती याद्यांखाली दबली. तुमचे क्लब रोडावतायत ते उगाच नाही.

कृष्णाकाठ:
पायोनियरांची यादी लॉइड शॉ यांच्यापासूनच का सुरू करायची? एकोणिसाव्या शतकात सारंगीसारखं फिडल वाजवता वाजवता चाली पुकारणारे कितीतरी जण कृष्णवर्णीय होते, त्यातले अनेक गुलामगिरीत. नावं सहसा नोंदलीच गेली नाहीत. त्या 11 जणांत सगळे पुरुष. संघटनेने व्याख्या जपल्या, मान्य. पण पुकारण्याची कला आली कुठून, हे सांगताना एवढं मागे जायलाच हवं.

मृदगंध:
कृष्णाकाठ, तुमचं शंभर टक्के बरोबर, ते मी लिहायला हवं होतं.

डोंगरवाट, पूर आधी आला, बांध नंतर घातला गेला. आणि कॉलरचं काम एकदा जवळून पाहा. आमचा कॉलर एका चौकोनातल्या दोन जोड्यांचे चेहरे मनात धरतो, मग सगळ्यांना मनसोक्त उलटंपालटं करतो. कोण कुणाची जोडीदार, काही उरत नाही. नजर मात्र त्या चौघांवर. ते योग्य जागी आले की 'अलेमांड लेफ्ट'! डावा हात पुढे करावा, तर समोर नेमका आपला 'कॉर्नर', म्हणजे शेजारच्या जोडीतला आपल्या बाजूचा माणूस. अख्ख्या हॉलमधून आनंदाचा चीत्कार उठतो. आठही जणांना शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असल्याशिवाय हे जमेल का? सिंगिंग कॉलही तसाच: 64 मात्रांची 7 आवर्तनं, गाणं कॉलरच्या गळ्यात आणि चाली आमच्या पायांत.

डोंगरवाट:
हे वाचून खरंच यावंसं वाटलं. माझी बहीण तुमच्याच बाजूला राहते, मे महिन्यात येतोय. मंगळवारी मला चौकोनात उभं करतील?

मृदगंध:
नाही हो. नवख्यांचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतो, मधे कुणाला घेत नाहीत. हे लिहिताना फार वाईट वाटतंय. कॉलरलॅबने अलीकडे कमी चालींचा 'सोशल स्क्वेअर डान्सिंग' कार्यक्रम आणलाय, आमच्या क्लबाने अजून तो घेतलेला नाही. या मंगळवारी बैठकीत मी तो विषय काढते.