अनुभव धागा : एअर शोला विमानं कशी दिसली, सोयी कशा होत्या?

उलवेकर
नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून गच्चीत उभं राहिलं की मान वरच. काल संध्याकाळी एक बऱ्यापैकी खालून गेलं आणि बंगळूरचं येलहंका आठवलं. तिथला एअर शो, एअरो इंडिया, विषम वर्षी फेब्रुवारीत असतो, जाऊन आलेल्यांनी लिहा. माझ्याकडून एक : एडीव्हीएचा (एअर डिस्प्ले व्ह्यूइंग एरिया) पास म्हणजे फक्त उड्डाणं बघायचं मैदान. उभी ठेवलेली विमानं आणि हॉल त्यात नाहीत. गेटवर निम्मी हुज्जत याचीच.

घोडबंदर_कर
आणि त्या मैदानाला छप्पर नाही हेही लिहा की! टोपीच घ्या, छत्री उघडली की मागचे ओरडतात. पासचा स्क्रीनशॉट घरूनच काढा, गर्दीत नेटवर्क झोपतं.

खारेगाव
आवाजाकडे बघू नका, त्याच्या पुढे बघा. आवाजाला किलोमीटरला ३ सेकंद लागतात. २ किमीवरचं विमान ताशी ८०० नं चाललं असेल, तर आवाज पोचेपर्यंत ते सव्वा किमीहून पुढे गेलेलं असतं.

मिनी_वाशी
मला सगळी सारखीच दिसतात 😅

खारेगाव
ताई, सोपं आहे. मागे एकच नोझल (इंजिनाचं धुराचं तोंड) आणि पुढे छोटे पंख नाहीत : तेजस. छोटे पंख आहेत, दोन नोझल, एकच उभी शेपटी : राफेल. छोटे पंख आणि दोन उभ्या शेपट्या : आपलं सुखोई-३०. नऊच्या नऊ एकत्र धूर सोडत आली तर हवाई दलाचं कसरती पथक सूर्यकिरण, त्यांची विमानं हॉक.

कळवा_कॅमेरा
जेटला शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. सारंग या हवाई दलाच्या पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरला मात्र १/२०० च्या आसपास, नाहीतर फोटोत पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यासारखं दिसतं. धावपट्टीपलीकडचे फोटो सकाळीच उरका. दुपारी तापलेल्या हवेनं सगळं लाटालाटांचं येतं, त्याला कितीही महाग लेन्स असली तरी उपाय नाही.

घोडबंदर_कर
विंग्ज इंडियाचं कोणी लिहीत नाही? हैदराबादच्या बेगमपेटला, सम वर्षी. तिथे प्रवासी विमानं. २०२४ ला एअर इंडियाचं ए३५० होतं. इकॉनॉमीत रांगेला ३-३-३ सीटा. आत सोडलं तर सीटच्या आधी पाय पसरायची जागा बघा. ते ए३५०-९०० आहे, पंखाखालच्या प्रत्येक पायाला ४ चाकं. -१००० ला ६ असतात.

मिनी_वाशी
पोरांच्या कानांचं काय?

कळवा_कॅमेरा
लहानांना हेडफोनसारखे मफ. मोठ्यांना फोमचे बोळे : पिळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर ओढा, आत सारून अर्धा मिनिट दाबून धरा. नुसते टेकवले तर फुगून बाहेर येतात.

नेरूळ_पूर्व
बंगळूरची उद्यान एक्सप्रेस कल्याणला मिळते ना?

उलवेकर
मिळते. पण बुकिंग खुलतं त्या दिवशीच करा राव.