अनुभव धागा : ‘स्मोक ऑन द वॉटर’ तुम्हाला केव्हा कळले?

डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचे हे गाणे मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ या अल्बममधून आले, परंतु सिंगल (मुख्यतः एका गाण्यासाठी काढलेली छोटी तबकडी) म्हणून बँडने आधी ‘नेव्हर बिफोर’ला पुढे केले आणि ते ब्रिटनमध्ये ३५व्या क्रमांकापाशीच अडले. ‘स्मोक ऑन द वॉटर’चे सिंगल अमेरिकेत निघायला मे १९७३ उजाडला. ते तिथल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले, पण त्याच उन्हाळ्यात गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लव्हर बँड सोडून गेले. ज्यांनी गाणे रचले त्यांनाच त्याची ताकद उशिरा उमगली, याचे मला फार नवल वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. तुम्हाला हे गाणे पहिल्याच ऐकण्यात भिडले, की वेळ लागला? कृपया सविस्तर लिहावे.

*

मला फार वेळ लागला. गिटार शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी या गाण्याची सुरुवात एका तारेवर बसवली आणि पुढची कित्येक वर्षे तेवढ्या बारा सुरांनाच गाणे समजत राहिलो. आमच्या सरांना त्या सुरांचा वीट आला होता. कोणी ते छेडले की ते लगेच हात वर करून थांबवत, आणि त्यांचा तो कंटाळा नकळत माझ्यातही उतरला. पुढे एकदा हेडफोन लावून मूळ ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा आपण वाजवतो ते हे नव्हेच, हे लख्ख जाणवले. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि दुसऱ्या वेळी तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यमावर परतणे, एवढीच ती सुरावट आहे. मात्र बँडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती एकेका सुराने न वाजवता षड्ज-मध्यम अंतराच्या जोड्यांनी वाजवतात आणि पिक (तार छेडण्याची छोटी चपटी पट्टी) न वापरता बोटांनी दोन्ही तारा एकदम ओढतात. पिकने वाजवताना एक तार आधी आणि दुसरी किंचित मागून बोलते, तर बोटांनी ओढल्यावर दोन्हींचा मिळून एकच घट्ट ठोका पडतो. त्या रात्री मी पिक बाजूला ठेवले आणि तर्जनीचे टोक हुळहुळेपर्यंत तेच वाजवत बसलो.

*

मी कीबोर्ड वाजवते. सुरुवातीला गिटारच्या जोडीला येणारा तो खरखरीत आवाज दुसऱ्या गिटारचाच असावा, अशी माझी पक्की समजूत होती. तो बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारे कीबोर्ड वाद्य) असून ते तो गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवत, हे कळल्यावर मी गाणे केवळ त्या आवाजासाठी पुन्हा ऐकले.

*

मला आधी शब्दांनी ओढले. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारे पिस्तूल) उडवली आणि सारा कसिनो जळाला, ही सरळ घडलेली हकीकत या गाण्यात आहे. बँड तिथेच ध्वनिमुद्रण करणार होता. नंतर मिळालेल्या पॅव्हिलियन नाट्यगृहात आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस येऊन थडकले, पण तोवर या गाण्याचे वादन टिपून झाले होते. उरलेले काम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळात पार पडले. माँत्रोला गेलो तेव्हा तळ्याकाठच्या शिल्पावर तीच सुरावट स्वरलिपीत कोरलेली पाहिली. समोर तळे शांत पसरले होते, आणि आगीच्या धुराचे ते चित्र इतक्या साध्या शब्दांत मांडणाऱ्यांविषयी मनात अतिशय आदर दाटून आला.

*

सिंगलसाठी गाण्याला लावलेली कात्री मला आजही खटकते, कारण वाद्ये एकामागून एक येत जाऊन गाणे उभे राहते आणि त्यासाठी त्याला ऐसपैस जागा हवी. त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूला ऑगस्ट १९७२ मधील जपान दौऱ्यातील याच गाण्याचे प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण होते. ज्यांना हे गाणे घासून गुळगुळीत झालेले वाटते, त्यांनी त्या दौऱ्याच्या ‘मेड इन जपान’ या अल्बममधील पूर्ण वादन अवश्य ऐकावे.

*

वर पिकविषयी लिहिलेले वाचून आज मीही बोटांनी वाजवून पाहिले. जोड्या खरोखर एकजीव येतात, फक्त तीव्र मध्यमावरून उतरताना वरची तार अजून माझ्याकडून जास्त वेळ वाजत राहते. ती नेमकी कुठे दाबून थांबवावी, हे कोणी सांगू शकेल का?