सिमचा राउटर बसवल्यापासून कॅमेरे बाहेरून का दिसत नाहीत

सचिव, ए-१०३
सर्व सभासदांना नमस्कार. रस्त्याच्या खोदकामात आपली फायबरची वायर तुटल्यापासून वॉचमनच्या केबिनमध्ये सिमकार्डाचा फोर-जी राउटर बसवला आहे. केबिनमध्ये इंटरनेट व्यवस्थित चालते, परंतु गेटवरचे कॅमेरे आणि टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे यंत्र मला घरून किंवा ऑफिसातून उघडता येत नाही. सीसीटीव्हीवाल्याला दोनदा बोलावले, त्याने पूर्वीप्रमाणे पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेला संपर्क राउटरने थेट कॅमेऱ्यांकडे पाठवण्याची सोय) करून दिले, तरी उपयोग झाला नाही. पहाटे पाणी येते तेव्हा पंप सुरू झाला की नाही, हे पाहण्यासाठी रोज खाली उतरावे लागते. कोणाला माहिती असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

बी-५०२
सचिवसाहेब, त्या माणसाचे काही चुकलेले नाही. मी काल केबिनमध्ये जाऊन राउटरचे पान उघडून पाहिले. त्याला कंपनीकडून मिळालेला आयपी पत्ता १००.७२ ने सुरू होतो, आणि त्याच राउटरवरून इंटरनेटवर तपासले तर वेगळाच पत्ता दिसतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास मोबाइल व इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे कंपनी अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते. आपण आपल्या राउटरवर पोर्ट उघडले, तरी त्याच्या आधी कंपनीचे फाटक लागते आणि तिथे आपली सूचना चालत नाही. आतून कोणी बाहेर संपर्क साधला, तरच त्याचे उत्तर आत येऊ दिले जाते.

ए-६०१
मग दरमहा जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेता येणार नाही का? सोसायटीच्या निधीतून तेवढा खर्च होऊ शकेल.

बी-५०२
काकू, सिमवर तशी सोय असलीच तर बहुधा व्यावसायिक ग्राहकांसाठी असते. पण ती मिळाली तरी माझा विरोध राहील, आणि तो मी सभेतही मांडेन. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारे यंत्र, थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे आहे. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही बहुतांशी कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. आपल्या गेटवरून कोण कधी बाहेर पडते आणि मुले शाळेच्या बसमध्ये कधी चढतात, हे त्या चित्रांत दिसते.

सी-२०४
आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, वापरता येणार नाहीत का? त्यात पत्त्यांची टंचाई नसते.

बी-५०२
पत्ता मिळेल, परंतु बाहेरून येणारा संपर्क कंपनी किंवा राउटर बहुधा अडवतो, आणि आपला डीव्हीआर तर आयपीव्ही६ ओळखतही नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की, माझ्याकडचा जुना लॅपटॉप लिनक्स घालून केबिनमध्ये ठेवावा आणि त्यावर टेलस्केल, म्हणजे आपली उपकरणे इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारे सॉफ्टवेअर, सुरू करावे. तो लॅपटॉप स्वतःहून बाहेर संपर्क साधून ठेवतो, त्यामुळे कंपनीचे फाटक आड येत नाही. डीव्हीआर आणि टाकीचे यंत्र त्याच्यामार्फत गाठता येते, त्यांच्यात काहीही बसवावे लागत नाही. मोबाइल नेटवर्कवर कधीकधी थेट मार्ग जुळत नाही आणि जोडणी मधल्या सर्व्हरवरून फिरून जाते. तेव्हा चित्र थोडे अडखळेल, मात्र सगळे कूटबद्ध असल्यामुळे त्या सर्व्हरला ते पाहता येत नाही. टेलस्केल जे पत्ते देते तेही १०० नेच सुरू होतात, ते पाहून कोणी गोंधळू नये.

आणखी एक अडचण आधीच दूर करावी लागेल. केबिनमधले नेटवर्क १९२.१६८.१ चे आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरचेही तेच असेल. दोन्हीकडे एकच क्रमांक असला, तर फोन डीव्हीआरला घरातच शोधत बसेल. म्हणून मी केबिनचे नेटवर्क १९२.१६८.४७ करून घेतो.

सी-२०४
सिमला रोज २ जीबीच डेटा आहे. तो पुरेल का?

बी-५०२
चांगला प्रश्न विचारलात. एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएसचे चित्र तासभर पाहिले, तर सुमारे ९०० एमबी खर्च होतात, म्हणजे सव्वादोन तासांत दिवसाचा डेटा संपतो. म्हणून फोनवर कमी दर्जाचे चित्र, म्हणजे सब-स्ट्रीम, ठेवावे आणि एखादा प्रसंग तपासायचा असेल तेव्हाच पूर्ण चित्र उघडावे. टाकीच्या पातळीला नगण्य डेटा लागतो.

ए-६०१
कॅमेरे नेमके कोणाकोणाला दिसणार? कमिटीतून एखादी व्यक्ती बाहेर पडली तर काय करायचे?

बी-५०२
प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देऊ, म्हणजे एकाचा प्रवेश काढला तरी इतरांचे चालू राहील. ती यादी सूचनाफलकावर लावावी.

सचिव, ए-१०३
मान्य आहे. रविवारी सकाळी दहा वाजता केबिनमध्ये भेटू. एक गोष्ट मात्र आधी करून घेतो. केबिनमधल्या दिव्याचे आणि त्या एकमेव सॉकेटचे बटण एकच आहे, आणि वॉचमन उजाडले की ते बंद करतात. शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावून लॅपटॉप व राउटरसाठी वेगळा पॉइंट काढून घेतो.