अणुवीज केंद्राचे फोन: ‘चार सिमं पुरे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

डायलटोन
परवा इथं जुळेकरांनी लिहिलं, “तारापूरला त्या हॉटलाइन अजून कशाला सांभाळायच्या? चार कंपन्यांची चार सिमं, एक व्हॉट्सॲप ग्रुप, झालं काम.” वाचून डोकं फिरलं.

चार सिमं म्हणजे चार वाटा नव्हेत. चौघांचे अँटेना एकाच टॉवरवर, टॉवरची फायबर एकाच चरातून. जेसीबीचा दात लागला की चौघं एकदम गप. आपल्या सोलापुरात होटगी रोडला खोदकाम निघालं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. टॉवर शाबूत राहिला तरी बातमी फुटल्यावर १६ किलोमीटरच्या आपत्कालीन क्षेत्रातलं गाव न् गाव एकाच वेळी फोन लावणार. कॉल लागेल कसा?

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात, २८ मार्च १९७९. सकाळी सातच्या सुमारास केंद्रानं अणुसुरक्षा नियामकाच्या विभागीय कार्यालयाला फोन लावला. उचलला निरोप घेणाऱ्या सेवेनं, कार्यालय उघडलं पावणेआठला. पुढं लाइनी तुंबल्या त्या वेगळ्याच. त्यानंतर तिकडं नियामकाच्या चोवीस तास जाग्या कक्षाशी थेट लाइन जोडली. रिसीव्हर उचलला की पलीकडं घंटी, नंबर फिरवायचाच नाही.

प्रकाशवाट
तांब्याच्या तारेच्या फोनची आरती पुरे करा आता. रिसीव्हर खाली असताना त्या तारांच्या जोडीतून करंट वाहतो का? नाही. मग जॉइंटमध्ये पाणी शिरून ती आठ दिवसांपूर्वीच मेली असली तरी तुम्हाला कळणार उचलल्यावर, म्हणजे नेमकं नको तेव्हा. फायबरचा प्रकाश गेला की अलार्म लगेच. दुसरं, स्विचयार्डात, म्हणजे केंद्राच्या उच्चदाबाच्या आवारात, अर्थ फॉल्ट झाला, वीज जमिनीत शिरली की तिथल्या जमिनीचं व्होल्टेज हजारोंनी उसळतं. तांब्याची जोडी दूरच्या एक्स्चेंजच्या अर्थला बांधलेली, म्हणजे तो सगळा फरक जोडीच्या दोन टोकांत. दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारं आयसोलेशन नसेल तर कार्ड जळतं, रिसीव्हर धरणाऱ्याच्या जिवावरही बेततं. फायबरच्या काचेला यातलं काही नाही.

डायलटोन
अर्थचा मुद्दा मान्य, घ्या. पण तुमच्या काचेच्या टोकाला जो डबा असतो त्याला वीज कुठून? ऑफिसच्या साध्या सॉकेटमधून! तांब्याच्या फोनला ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून येतात, केंद्रातली वीज गेली तरी. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला वीज गेली, मग आवारातल्या बिनतारी फोनच्या बॅटऱ्याही संपल्या. टिकली ती नियंत्रण कक्ष ते आपत्कालीन कक्ष ही तारेची लाइन. रिअ‍ॅक्टर इमारतीत गेलेल्यानं काय पाहिलं ते सांगायला त्याला चालत परत यावं लागायचं.

मेगरवाला
दोघंही बॅटरीवर येऊन थांबलात म्हणून लिहितो, कारण खरी रड तिथंच आहे. ४८ व्होल्टचा संच म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल, फ्लोट, म्हणजे सतत चार्जवर ठेवायचं व्होल्टेज, साधारण ५४ व्होल्ट. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २७ अंशांवर धरलेलं असतं आणि दर १० अंशांना ते अर्धं होतं. आपल्या मे महिन्यात बंद खोलीत ४५ सहज होतात. एसी आहे म्हणता? तो डिझेल जनरेटरच्या फीडरवर आहे का, ते बघितलंय कुणी?

तापमान वाढलं की फ्लोट उतरवावा लागतो, सेलमागे अंशाला साधारण ३ मिलिव्होल्ट. १८ अंश वाढले तर पूर्ण संचाला सुमारे १.३ व्होल्ट कमी. उतरवला नाही तर सेल आतून सुकतात, फुगतात, आणि मीटर मात्र मस्त ५४ दाखवत राहतो. व्होल्टेज बघून बॅटरी कळत नाही. चार्जरचा वीजपुरवठा बंद करा, खरा लोड त्याच बॅटरीवर टाका, दर तासाला एकेका सेलचं व्होल्टेज लिहा. एक सेल १.७५ व्होल्टच्या खाली घसरला की तिथं थांबा. क्षमता ८० टक्क्यांखाली गेलेली असेल तर संच बदला.

शेंगाचटणी
‘मेंटेनन्स फ्री’ असं डब्यावर छापलेलं असतं की बे! तेच वाचून लोक पाच वर्षं दार उघडत नाहीत. जुन्या पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीत निदान हायड्रोमीटर घालून आम्लाची घनता १.२०० दिसतंय का ते बघता यायचं.

मेगरवाला
आणि तिचा हायड्रोजन बाहेर काढायला पंखा कोण लावणार, तुम्ही? तो बंद पडला की खोलीच उडायची.

शेंगाचटणी
लावतो की. तुमच्या एसीपेक्षा स्वस्त पडतो.

प्रकाशवाट
भांडा खुशाल. मूळ मुद्दा राहिला. तुमचं तांबं आणि माझी काच एकाच केबल ट्रेमध्ये घातली तर दोन्ही व्यर्थ. नरोरा अणुवीज केंद्र, ३१ मार्च १९९३: टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आगीत केबली जळल्या आणि केंद्र जवळपास १७ तास विजेविना. पर्यायी पुरवठ्याच्या केबली एकमेकींपासून नीट वेगळ्या नव्हत्या. दोन लाइनी असतील तर दोन वेगळ्या भिंतींतून बाहेर काढा, दोन वेगळ्या रस्त्यांनी न्या. तिसरी उपग्रहावरची. तिचा अँटेना उघड्या आकाशाखाली, पण हँडसेट आत टेबलावर पाहिजे.

डायलटोन
हे मात्र शंभर टक्के. पण तुमचा अलार्म फक्त प्रकाश सांगतो, आवाज नाही. रोज शिफ्ट बदलताना प्रत्यक्ष बोलून बघायचं. पलीकडच्यानं वेळ आणि नाव परत वाचायचं, वहीत दोघांची नोंद. नुसता टोन ऐकून टिक मारायची नाही. मायक्रोफोन मेलेला असला तरी टोन येतोच.

जुळेकर
बरं बाबांनो, सिमं परत घेतली. एक ओळ टाकली तर एवढं ऐकवायलाय. ग्रुप तरी ठेवू का, सुट्टीच्या दिवशी माणसं बोलवायला?

मेगरवाला
ठेवा की, माणसं बोलवायलाच ठेवा. आणि जाता जाता तुमच्या स्वतःच्या ऑफिसातल्या चार्जरचा तापमानाचा प्रोब कुठं आहे ते बघा. तो सेलला चिकटवलेला पाहिजे, रॅकबाहेर लोंबत असला तर एसीची हवा मोजत बसलाय.